कच्चं दर्शन

गिऱ्हाईक येण्याआधी फ्लॅटमध्ये एकटीनं जायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडून बघायचे, हा शुभदा टिपणीस यांचा नेम. आपण न पाहिलेलं घर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही, असं त्या म्हणत. आता त्यात आणखी एक काम आलं होतं, डोळ्यांवर 'वास्तव्यदर्शक' चढवायचं. नाशिकमधल्या बहुतेक एजंटांनी तो चष्मा घेतला होता. मग शुभदाताई न घेऊन सांगतात कोणाला?

चष्म्याचं काम भन्नाट होतं. गिऱ्हाइकाच्या कुटुंबाचे फोटो, सवयी, मनगटावरच्या घड्याळांनी टिपलेली तब्येत असं सगळं त्यात भरलं, की रिकाम्या फ्लॅटमध्ये तेच कुटुंब काही वर्षांनंतर राहताना दिसे. लोक स्वतःलाच नव्या स्वयंपाकघरात चहा पिताना बघून विरघळत आणि तिथल्या तिथे होकार देत.

आज रणदिवे कुटुंब यायचं होतं. पराग, त्याची बायको मृणाल आणि शाळकरी सई. शुभदाताईंनी चष्मा लावला. मृणाल ओट्याशी उभी होती, केस थोडे पिकलेले. सई तर केवढी उंच झाली होती! पराग मात्र हॉलमध्ये नव्हता, गॅलरीत नव्हता. कपाटात त्याचा साधा शर्टही नव्हता. शुभदाताईंनी सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या आणि वैतागून कंपनीला फोन लावला.

"अहो, तुमचं यंत्र माणूस गिळतंय!"

"मॅडम, तुम्ही कच्चं दर्शन लावलंय," पलीकडची मुलगी म्हणाली. "ते फक्त तपासणीपुरतं असतं. गिऱ्हाइकाला रंगवलेलं दाखवायचं. त्यात सगळे असतात."

"आणि कच्च्यात?"

"घड्याळातल्या नोंदींवरून जो तोवर असेलसं वाटत नाही, त्याला यंत्र वगळतं. अंदाज असतो, मॅडम. मनावर नका घेऊ."

मनावर नका घेऊ म्हणे! शुभदाताईंनी फोन ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. पराग एकटाच आला होता. मृणाल सईला शाळेतून घेऊन मागाहून येणार होती. शुभदाताईंना राहवेना.

"रणदिवे, माझा सौदा गेला उडत. आधी डॉक्टरांकडे जाऊन या."

तो दचकला नाही. "कच्चं पाहिलंत वाटतं," तो म्हणाला. "आधीच्या एजंटाकडून कळलं होतं त्याबद्दल. डॉक्टर करून झाले, मॅडम. मृणालला अजून सांगितलेलं नाही. म्हणून तर घराची घाई करतोय, तिच्या नावावर. सईची शाळा जवळ, शेजार चांगला. मृणालला रंगवलेलंच दाखवा."

"अहो, पण हे लपवायचं कसं? उद्या ती मला विचारेल, तेव्हा कुठल्या तोंडानं उत्तर देऊ?"

"मीच सांगणार आहे तिला. एकदा घर होऊ दे." तो जरा घुटमळला. "त्याआधी मला कच्चं दाखवाल? ती कशी राहते, तेवढं बघायचंय."

नाही म्हणायला हवं, हे शुभदाताईंना कळत होतं. पण त्यांनी चष्मा त्याच्या हाती दिला.

पराग हॉलमध्ये उभा राहून बघत राहिला. "सई मोठी झाली," तो पुटपुटला. मग गालातल्या गालात हसला. "मृणाल अजूनही भाजीची चव बघत नाही!" बोलता बोलता तो अंग चोरून भिंतीला टेकला, कोणाला तरी वाट द्यावी तसा. शुभदाताईंना तिथे नुसती रिकामी फरशी आणि तिच्यावर पडलेलं ऊन दिसत होतं.

परागचं हसू मावळलं. त्यानं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"टिपणीस मॅडम, ही जाता जाता इथंच का थांबली? माझ्याकडेच का बघतेय? हिला मी दिसतोय का हो?"