डोळे असलेला डबा

"आई, माझ्याकडे बघून सांगा… काय खाता तुम्ही चोरून?"

दीपालीने रक्तातली साखर मोजायचं यंत्र सासूसमोर धरलं. कांताबाईंनी टोचलेलं बोट पदराला पुसलं आणि भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे पाहिलं. तथागत नेहमीसारखे अर्धे डोळे मिटून शांत होते. सासू-सुनेच्या खटल्यात साक्ष द्यायची त्यांची इच्छा दिसत नव्हती. कांताबाईंचा मुलगा समाधान मोबाइलमध्ये इतका खोल गेला होता, की त्याला वर काढायला अग्निशमन दल बोलवावं लागलं असतं. आणि नातू आयुष, वय वर्षं पाच, छताकडे टक लावून बघत होता. छतावर काहीही नव्हतं.

"न्हाई गं पोरी, कायबी खात न्हाई मी," कांताबाई म्हणाल्या.

"मग साखर वाढते कशी? बिबवेवाडीच्या हवेतून?"

कांताबाईंनी नजर पुन्हा तसबिरीकडे वळवली. ते दीपालीच्या काळजात सुरीसारखं फिरलं. काय करायचं बाकी ठेवलं होतं तिने? घरातून साखर हद्दपार केली होती. मध, खजूर आणि गुळाची ढेप लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये होती, आणि सोन्याच्या बांगड्या तूरडाळीच्या डब्यात. चोर आला असता तर गोंधळून रिकाम्या हाताने गेला असता! डॉक्टरांनी बजावलं होतं, की साखर अशीच चढत राहिली तर पायाची जखम भरणार नाही, पाय गमवायची वेळ येईल. आणि जिला जन्मदात्रीच्या जागी मानलं, ती माउली समोर बसून धडधडीत खोटं बोलत होती…!

ही झाली घरातली एक व्यथा. दुसऱ्या बाबतीत मात्र दीपाली तृप्त होती. ती बाब म्हणजे आयुषचा डबा.

आयुष शाळेत जायला लागला आणि दीपाली बँकेच्या कोथरूडच्या शाखेत पुन्हा रुजू झाली, तेव्हापासून स्वारगेटच्या सिग्नलला थांबलेली प्रत्येक बाई आपल्याकडे बघून 'हीच ती, पोराला सोडून निघालेली' असं म्हणते आहे, असं तिला वाटे. बँकेला निदान सुट्ट्या असतात. अपराधीपणाला त्याही नसतात. त्यात शाळेतल्या मम्मी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. रोज उजाडताच तिथे डब्यांचे फोटो पडत… काकडीची मगर, इडलीचं घुबड, पोळीची फुलपाखरं. घरी बसणाऱ्या बायका मगरी करत असताना नोकरी करणाऱ्या बाईने साधी भाजी-पोळी द्यावी? छे! दीपाली पहाटे उठून बिटाची कणीक मळी, आत खजूर, मध आणि ओट्सचं सारण भरी, त्याचं अस्वल करी आणि वर काळ्या मनुकांचे डोळे लावी. आणि संध्याकाळी घरी येऊन डबा उघडावा, तर तो चाटूनपुसून लख्ख! दिवसभर साहेबाने, गिऱ्हाइकांनी आणि स्वतःच्या मनाने तिला नालायक ठरवलं, तरी तो रिकामा डबा एकटा तिची बाजू घेई. त्याच्याकडे बघून तिचं मातृहृदय भरून येई… 'आहे मी आई! आहे!'

मग बँकेला सुट्टी असलेला एक शनिवार आला. आयुषला चकित करावं म्हणून दीपाली शाळा सुटताना गेली, पण थोडा उशीरच झाला. फाटकाशी त्याच्या वर्गशिक्षिका पद्मजाबाई भेटल्या.

"अहो, आजी घेऊन गेल्या की त्याला. कोपऱ्यावरच्या बागेत असतील. डबा खातात ना तिथे दोघं."

"डबा? डबा तर तो मधल्या सुट्टीत खातो."

पद्मजाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. पुण्यात वाईट बातमी सांगण्याआधी एवढी तयारी करतातच. "आयुष शाळेत डबा उघडतच नाही. कितीदा समजावलं. वर्ष होत आलं की! आजींना मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाल्या, त्याच्या आईला कळवू नका, मी बघते." मग अगदी गोड आवाजात, "तुम्हाला बोलल्या नाहीत वाटतं?"

दीपाली बागेत पोचली ती कशी, हे तिचं तिलाच कळलं नाही. बाकावर आयुष पाय हलवत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होता. इतक्या चवीने, की हनुवटीपर्यंत चटणी होती. आणि त्याच्या शेजारी त्याचा निळा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या कांताबाईंच्या तोंडात अस्वलाचा उजवा कान होता.

"आई!"

कान घशात अडकला. कांताबाईंना ठसका लागला. दीपालीने पाठ चोळली नाही.

"म्हणजे ही साखर… हा मध, हे खजूर…! मी पहाटे उठून माझ्या लेकरासाठी जे करते ते तुम्ही खाता? आणि रिकामा डबा माझ्यासमोर धरता? रोज?"

"दीपाली, ऐक जरा—"

"काय ऐकू? मी वेडी त्या डब्याकडे बघून रडत होते आनंदाने, आणि तुम्ही सगळे हसत होतात! चोरी खाण्याची असती तर पोटात घातली असती, आई… तुम्ही माझं आईपण चोरलंत!"

कांताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

घरी समाधानने मोबाइल खाली ठेवला, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे… अगदीच माहीत होतं असं नाही. आई म्हणाली, नको सांगू."

"मीही आईच आहे ना रे या घरात? माझ्यासाठी कोण काय म्हणालं?" तिचा आवाज फाटला. "सोमवारपासून आयुष पाळणाघरात जाईल. तिथे निदान पैसे घेऊन खोटं बोलतील!"

रविवारी सकाळी तिने इरेला पेटून अस्वल केलं आणि आयुषसमोर आदळलं. "माझ्यासमोर खायचं. आत्ता!" आयुषने अस्वलाकडे पाहिलं, अस्वलाने आयुषकडे पाहिलं, आणि आयुषचे ओठ थरथरू लागले. हुंदका फुटला. दीपाली पाय आपटत न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून अर्धा-पाऊण तास रडली.

बाहेर आली तेव्हा कांताबाई नव्हत्या. त्यांची पिशवी नव्हती. ओट्यावरचा निळा डबाही नव्हता. "पूर्णिमाकडे जाते म्हणाली, बारामतीला," समाधान दारात चाव्या हातात घेऊन उभा होता. "लेकीकडं थोडे दिवस राहीन म्हणाली. स्वारगेटला सोडून आलो."

"आणि तू सोडलंस?"

"ती म्हणाली, सोड."

या माणसाला कुणी काही म्हटलं की झालं! दीपाली मटकन खुर्चीत बसली. आयुष हळूच तिच्या गुडघ्याशी आला.

"आई, तू आता फरशीवर बसणार?"

"फरशीवर? कशाला?"

"आजी म्हणाली, डबा संपला नाही सांगितलं तर आई परत फरशीवर बसंल."

दीपालीला आठवलं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात भरलेला डबा तसाच घरी आला होता… तो उराशी धरून ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून, 'मला आई होताच येत नाही' म्हणत. कुणी पाहिलं नाही असं तिला वाटलं होतं. दाराआड एक म्हातारी उभी होती तर!

"पण राजा… तू का नाही खात रे? इतकं वाईट असतं?"

आयुषने बराच विचार केला. "त्याला डोळे असतात," तो कुजबुजला. "ते बघतं. आजी आधी डोळे खाते. मग मला विचारते, आता बघतंय का?"

दीपालीने आयुषला घेऊन स्वारगेटची रिक्षा केली. सिनेमात अशा वेळी गाडी नुकतीच सुटलेली असते. इथे ती अजून लागलीच नव्हती. कांताबाई बाकावर पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. सुनेला पाहून त्या उठू लागल्या, जसं काही त्यांच्याच हातून पुन्हा काही चुकलं होतं.

"आई, बसा." दीपाली शेजारी बसली. "मला सांगायचं होतंत…"

"काय सांगू?" कांताबाई समोरच्या फलाटाकडे बघत म्हणाल्या. "समाधान एवढासा होता. त्याला शेजारच्या सुंदराबाईकडं टाकून मी मार्केटयार्डात कांदा निवडायला जायची. एक दिवस आले, हात पसरले, तर ह्यो तिच्या पदराआड लपला. तिला आई म्हनला. सुंदराबाई हसली… मनानं वाईट न्हवती, पण हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं, पोरी. म्हनलं, माझ्या सुनंला कुनी हसायला नको."

दीपालीने त्यांच्या पिशवीतून डोकावणारा निळा डबा ओढून घेतला. झाकण उघडलं. सकाळचं अस्वल अख्खं होतं.

"आई, आधी डोळे," आयुषने सुचवलं.

तिने डोळे खाल्ले. मग कान तोडून तोंडात टाकला… आणि थबकली. वर्षभरात तिने हे एकदाही चाखलं नव्हतं. फोटो काढला होता फक्त. बीट, खजूर आणि ओट्स यांची तिच्या तोंडात भेट झाली आणि तिघांचं एकमेकांशी मुळीच पटलं नाही.

"आई… हे तुम्ही रोज खात होता?"

"पहिल्यांदी जात न्हवतं घशाखाली," कांताबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "मग झाली सवय."

दीपालीला हसू आलं, आणि त्याच हसण्याचा पुढे हंबरडा झाला. "डबा खाल्लात, खोटं बोललात, ते सगळं मी विसरेन एक वेळ… पण हा पाय! हा पाय गेला असता ना आई, तर माझ्या डब्याने गेला असता! मला आई करायला निघालात, आणि मला काय करून ठेवणार होतात? याच्याइतका मोठा विश्वासघात कुणी केला नाही माझा!"

"चुकलं माझं," कांताबाई म्हणाल्या, आणि तो खडबडीत, सुरकुतलेला हात सुनेच्या पाठीवर फिरत राहिला. "चुकलं गं बाई…"

"माझंही चुकलं. पिशवीत भाकरी आहे?"

"हाय की. वाटंसाठी घेतलीया."

बारामतीची गाडी लागली. कंडक्टरने दोनदा आरोळी दिली. बाकावर तिघं भाकरी मोडत होती; कुणी मान वर केली नाही. उरलेल्या अस्वलाला कुणी विचारलं नाही.

सोमवारी ग्रुपवर दीपालीचा फोटो पडला नाही. भाकरी-चटणीचे फोटो चांगले येत नाहीत. आयुषला शाळेतून आजीच घेऊन आल्या. संध्याकाळी दीपालीने निळा डबा उघडला. आत चतकोर भाकरी शिल्लक होती, कडेला दातांच्या खुणा असलेली. वर्षभरात पहिल्यांदाच डबा खरं बोलला होता. आतल्या खोलीतून कांताबाई श्वास रोखून बघत होत्या.

दीपालीने ती उष्टी चतकोर ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ली, डबा विसळून पालथा घातला… आणि फरशीवर बसली नाही.