मोडता न येणारी घडी

दुपारी दोनला चंद्रपूरच्या नव्या वसाहतीत पारा एकोणपन्नासवर होता, आणि बाराव्या मजल्यावर गवंडी गप्पा मारत विटा रचत होते. मृणाल तामगाडगेला त्याचं आता नवल वाटत नसे. बांधकाम कंपनीची कामगार-अधिकारी म्हणून पाच वर्षं ती हेच पाहत होती.

किती उकडलं म्हणजे शरीराने हाय खायची, हे मेंदूतलं एक केंद्र ठरवतं. एका सुईने ते केंद्र वरच्या अंकावर बसवता येऊ लागलं होतं. लोक त्याला 'तापघडी' म्हणत. थंड मुलखातल्या मजुराला ही घडी बसवल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही आणि उलटी सुई देऊन ती मोडल्याशिवाय गावी धाडायचं नाही, असा मालकांना नियम होता. तोवर त्याचं राहणं, औषधपाणी सगळं मालकाकडे. कारण घडी न मोडता हिमालयात परतलेला माणूस भर उन्हाळ्यातही गारठून मरे.

त्या दिवशी हिमालयातल्या मुनस्यारीची हेमा बिष्ट परत निघाली होती. तिची घडी मोडून आठवडा झाला होता. शेवटची चाचणी म्हणजे पंधरा अंशांच्या खोलीत तासभर बसणं. दहा महिन्यांची लेक अंगावर पिणारी, म्हणून तीही मांडीवर.

"मॅडम, किती दिवसांनी गावची हवा!" आत शिरताच हेमा हसली. चार वर्षांत ती मराठी छान शिकली होती.

पाचच मिनिटांत तिने दारावर थापा मारल्या. शालीत गुंडाळलेल्या पोरीचे ओठ निळे पडले होते.

बाहेर व्हरांड्यातल्या झळांत नेल्यावर पोरीचा रंग परतला. कंपनीचे डॉक्टर सोरते बराच वेळ तिला तपासत राहिले.

"हिलाही उलटी सुई द्या ना," मृणाल म्हणाली.

"कशी देऊ? हेमाचं केंद्र आपण हलवलं, म्हणून जागेवर आणता आलं. ही पोटात होती तेव्हा आईची घडी बसलेली होती. हिचं केंद्र घडलंच तसं. हलवलेलंच नाही, तर परत कुठे न्यायचं?"

"मग नवी बसवा. थंडीची."

"मेंदूची वाढ पुरी झाल्यावर. अठराव्या वर्षी."

हेमा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "उद्याची गाडी आहे, मॅडम. हिच्या आजीनं अजून हिला पाहिलं नाही."

मृणालने नियमावली उघडली. कामगाराची चाचणी उत्तीर्ण, म्हणजे कंपनी मोकळी. वरून साहेबांचा फोनही तेच सांगून गेला, सही कर आणि पाठव. नियमात सगळीकडे 'कामगार' हा एकच शब्द होता. मूल कुठेच नव्हतं.

तिने बराच विचार केला. मग कामगारांची नोंदवही पुढे ओढली.

"हेमा, पोरीचं नाव काय?"

"बुरांशी."

तिने लिहिलं: नाव, वय दहा महिने, घडी बसलेली. आता ती मोडेपर्यंत, म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत, हिला आणि हिला सांभाळणाऱ्या आईला ठेवून घेणं मालकाला भाग होतं. साहेब भांडतील, तेव्हा भांडतील.

"म्हणजे ही इथली मजूर झाली?" हेमाने विचारलं.

मृणालचं पेन पुढच्या रकान्यावर आलं होतं, 'मूळ गाव'. हेमा लगेच म्हणाली, "मुनस्यारी लिहा."

मृणालने लिहिलं. डोकं वर केलं तर दाराशी रांग लागली होती. बातमी पसरली होती, आणि बहुतेक बायांच्या कडेवर मुलं होती.