टेबलावरची चौथी टकटक

बाळांनो, डोळे मिटा.

एक लांबलचक गाडी आहे. आत घर असलेली. छोटी शेगडी, समोरासमोर दोन बाक, मधे टेबल. त्या टेबलाशी बसा.

बसलात? मग ऐका. हे खरंच घडलंय. मी तिथे होतो.

फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे तीन. अमेरिकेतल्या टॅकोमाला, माझ्या जावयाच्या दारात ती घरवाली गाडी, म्हणजे आरव्ही, उभी होती.

आत आम्ही तिघं. जावई ट्रॅव्हिस आणि मी एका बाकावर. समोर नऊ वर्षांची नात टेसा.

तिच्या शेजारची जागा रिकामी.

माझी मुलगी जोलीन ऑक्टोबरात गेली. आजारानं. तिची रक्षा घरातल्या कपाटावर, एका लाकडी डब्यात होती.

उन्हाळ्याच्या सहलीचे मुक्काम ठरवायचे होते. मला काहीच वाटत नव्हतं. दुःखसुद्धा नाही. ट्रॅव्हिस नकाशाकडे नुसता बघत होता.

जोलीनचा एक नियम होता. मुक्कामाचं नाव वाचायचं. पटलं, तर प्रत्येकानं टेबलावर एकदा टकटक करायची. एक जरी कमी पडली, तरी मुक्काम रद्द.

"पोर्टलंड," टेसा म्हणाली. "आजोबांच्या घोरण्याला वेगळी जागा घ्यायची का?"

"घे. तुझ्या बडबडीच्या शेजारीच घे," मी म्हणालो.

टक. टक. टक.

...टक.

"दोनदा कुणी केलं?" ट्रॅव्हिसनं विचारलं.

"मी नाही," टेसा म्हणाली.

"अ‍ॅस्टोरिया."

या वेळी मी हात बघत होतो. तीन हात. तीन टकटकी. तिन्ही हात थांबले.

...टक.

रिकाम्या जागेसमोरून.

टेसानं पेन्सिलीनं खूण केली. मग किनाऱ्यावरचे दोन पार्क झाले. दोन्ही वेळा चार.

मग ट्रॅव्हिसनं पेन्सिल घेतली आणि नकाशावर स्वतःच एक खूण केली.

"हेरॉन कोव्ह. शेवटचा मुक्काम. तिथेच मी तिला लग्नाचं विचारलं होतं. तिची रक्षा तिथे समुद्रात सोडू. मग ही गाडी विकून टाकू."

त्यानं टकटक केली. मीही केली. टेसा बापाकडे बघत राहिली. मग तिनंही.

आम्ही थांबलो.

छपरावर समुद्रपक्ष्याची पावलं वाजली... थांबली.

...

काहीच नाही.

"बाबा, एक कमी पडली."

"अगं, तिघंच आहोत आपण!"

त्याचा आवाज फाटला. ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच.

नंतर मी ते टेबल खालून-वरून तपासलं. काही सापडलं नाही. अजूनही कुणी टेबलावर बोटं वाजवली, की मी मोजतो. आणि थांबतो.

पण तेव्हा टेसानं काय केलं, सांगू?

तिनं रबर घेतलं आणि हेरॉन कोव्हची खूण पुसून टाकली. उतरून घरात गेली. परत आली, ती लाकडी डबा छातीशी धरून.

पुढे, चालकाशेजारी आईची सीट होती. त्यावर तिनं डबा ठेवला. पट्टा ओढून लावला.

खट्ट.

मग येऊन आपल्या जागी बसली. जरा सरकून, शेजारी जागा ठेवून.

"बाबा," ती म्हणाली, "पुढचं नाव वाच."