लखन का अडखळतो?

लखन ढेबे आपल्या पाटीवर उभा होता आणि हलतच नव्हता.

समोरून पाटणच्या संघातली मुलगी आली, त्याच्या नाकासमोरून पळाली, तरी हा एक हात वर करून तसाच उभा. मग एकाएकी तो होता त्या जागेवरून नाहीसा झाला आणि तीन हात पलीकडे उगवला. तिथे कुणीच नव्हतं. ती मुलगी तर लखनला चुकवून, त्याच्या मागच्या कस्तुरीच्या पाटीवरूनही केव्हाच पसार झाली होती.

"लखन! झोपलास की काय?" कस्तुरी ओरडली.

कस्तुरी देशमाने ही कृष्णाकाठ संघाची कर्णधार. खेळ होता आट्यापाट्यांचा, पण त्यासाठी कुणाला एका मैदानावर जमावं लागत नसे. खेळचष्मा (ज्यातून दूरचं मैदान आणि दूरचे खेळाडू समोर असल्यासारखे दिसतात असा चष्मा) डोळ्यांवर चढवायचा आणि आपापल्या अंगणात किंवा गच्चीवर पळायचं. चष्म्यातून जमिनीवर उजेडाच्या आडव्या रेघा दिसत, त्या पाट्या. एकेका पाटीवर एकेक पहारेकरी उभा राही आणि प्रतिस्पर्ध्याने त्याचा हात लागू न देता पार जायचं असे. कस्तुरी कऱ्हाडातल्या घराच्या गच्चीवरून खेळायची, लखन कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीवरून.

दिवाळीची सुट्टी लागल्यापासून लखनचं हे असंच चाललं होतं. सकाळच्या सरावात थोडं, संध्याकाळी तर फारच. त्या दिवशी सरावाचा सामना हरल्यावर कस्तुरीचा पारा चढला आणि सगळा संघ ऐकत असताना ती म्हणाली, "काय रे लखन, तुमच्या वाडीवर इंटरनेट बैलगाडीतून येतं का?"

सगळे खो खो हसले. आपला विनोद जमला म्हणून कस्तुरीला आणखी चेव आला.

"आणि पाय तरी हलव जरा. जड झालेत का? अंतिम सामन्यात तुझ्या पाटीवर राखीव खेळाडू उभा राहील. तू घरी बसून बघ."

लखन "बरं," एवढंच म्हणून निघून गेला. कर्णधाराला असं कठोर व्हावंच लागतं, असं स्वतःला समजावत कस्तुरी खाली जेवायला गेली आणि दोन करंज्या जास्तच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. वैजू आत्या चंद्रावरून आली होती. तिथल्या दळणवळण केंद्रात (जिथून पृथ्वीशी संदेशांची देवाणघेवाण चालते त्या ठिकाणी) ती शास्त्रज्ञ होती. दोन वर्षांनी भावाला ओवाळायला मिळणार म्हणून ती हरखून गेली होती, पण पृथ्वीवर तिचं वजन चंद्रावरच्या सहापट भरत असल्यामुळे चार पायऱ्या चढल्या तरी तिला धाप लागायची. ओवाळून झाल्यावर ती अंगणात खुर्ची टाकून बसली, ती बसलीच.

"ये, तुझा खेळ दाखव," ती म्हणाली. "गच्चीवर काही मला येववायचं नाही. मी इथून बघते."

कस्तुरीने आपला जुना चष्मा तिला दिला आणि ती वर पळाली. संघाचा सराव सुरू झाला. लखनच्या जागी राखीव मुलगा होता. आणि काय आश्चर्य, तोही थिजला! नंतर टुणकन उडी मारून भलतीकडेच उगवला.

कस्तुरी रडकुंडीला येऊन खाली आली. "आत्या, माझ्या नशिबी सगळे असलेच गडी! आधी तो लखन, आता हा. यांचं पिंग वाढतं आणि हरते मी."

"पिंग म्हणजे काय गं?"

"ते... ते वाढलं की खेळ अडकतो."

आत्या हसली. "म्हणजे शब्द माहीत आहे, अर्थ नाही. बघ, तू स्वयंपाकघराकडे तोंड करून 'आई' म्हणून हाक मारलीस. हाक आत पोचली, आईने 'ओ' दिली, ती 'ओ' तुझ्या कानावर आली. हाक मारल्यापासून 'ओ' ऐकू येईपर्यंत जो वेळ गेला, ते पिंग. यंत्रांच्या हाका फार झटपट जातात, म्हणून तो वेळ मिलिसेकंदात (सेकंदाच्या हजाराव्या भागात) मोजतात. वीस-तीस असलं तर छान. तीनशे-चारशे झालं की पळापळीच्या खेळाचं खोबरं."

"तेच तर! लखनचं तेवढं झालं होतं."

"कशावरून?"

"तो अडखळायचा ना. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"बरं. बाकीचे अडखळायचे का?"

कस्तुरी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. पाटणची ती मुलगीसुद्धा लखनसमोरून एकदम पुढे उमटल्यासारखी दिसली होती. शेवटच्या पाटीवरची सायमाही मधूनच थिजायची. खरं तर सगळेच अडखळत होते. तिने फक्त लखनकडे पाहिलं होतं.

"थोडे थोडे," ती पुटपुटली.

"मग ऐक. तुझा चष्मा म्हणजे खिडकी आहे. लखन कुठे आहे हे चष्म्याला आपणहून कळत नाही. त्याला बातम्या याव्या लागतात. लखन इथे आहे, आता इथे आहे, आता इथे. या बातम्या माहितीच्या छोट्या छोट्या पुडक्यांतून येतात. पुडकं वेळेवर आलं नाही की चष्मा बिचारा जुनीच बातमी दाखवत बसतो, म्हणून लखन थिजलेला दिसतो. मग उशिरा आलेली पुडकी एकदम येऊन पडली की लखन उडी मारतो. आता एकटाच गडी अडखळत असेल तर त्याच्याकडे काही बिघडलं असेल. पण सगळेच अडखळत असतील तर?"

कस्तुरीचे कान तापू लागले होते.

"लगेच तोंड पाडू नकोस. आधी तपासू," आत्या म्हणाली. "सगळा रस्ता एकदम तपासायचा नसतो, तुकडे पाडायचे. पहिला तुकडा चष्म्यापासून घरातल्या राउटरपर्यंत. दुसरा राउटरपासून गावाबाहेरच्या तारेपर्यंत. तिसरा तिथून खेळाच्या सर्व्हरपर्यंत (ज्या दूरच्या संगणकावर सगळ्यांचा खेळ एकत्र चालतो तिथपर्यंत). जवळच्या तुकड्यापासून सुरुवात करायची. पण त्याआधी बघ, घरात कुणी काही मोठं उतरवून घेतंय का? रस्ता एकच असला की ट्रकमागे सायकलही अडकते."

कस्तुरी घरभर फिरून आली. बाबांचा सिनेमा बंद केला. आईचा फोन मागायला गेली तर आईच वैतागलेली. "घे बाई. सुट्टी लागल्यापासून याच्यावर बोलणं म्हणजे शिक्षा झालीये. अर्धी वाक्यं गायब होतात."

गच्चीवर जाऊन कस्तुरीने चष्म्यातून आधी फक्त घरच्या राउटरला हाक मारली. हे अंतर म्हणजे घरातल्या घरात. दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर यायला हवं. आकडे आले ते असे: दोनशे नव्वद. पंचेचाळीस. उत्तर नाही. पाचशे दहा. उत्तर नाही.

ती कठड्यावरून वाकली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "आत्या, घरातच अडकतंय."

"मग बाहेरच्या जगाला कशाला नावं ठेवायची? राउटर कुठे आहे तुमचा?"

कस्तुरीने खाली येऊन बोट दाखवलं. आत्याच्या खुर्चीशेजारी.

तिथे किल्ला होता. कस्तुरीचा दिवाळीचा किल्ला. दगड-विटांचा ढीग, त्यावर गोणपाट, त्यावर लाल मातीचा जाड चिखल, आणि उतारावर पेरलेले आळीव बोटभर उगवून हिरवेगार झालेले. बालेकिल्ल्याच्या खिडक्यांतून हिरवे दिवे लुकलुकत होते. गल्लीतल्या सगळ्यांनी त्या दिव्यांचं कौतुक केलं होतं आणि किल्ल्याला स्पर्धेत दुसरं बक्षीसही मिळालं होतं. ते दिवे राउटरचे होते. सुट्टी लागली त्याच दिवशी कस्तुरीने राउटर जिन्याच्या माथ्यावरून काढून, लांब वायर जोडून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बालेकिल्ल्याच्या पोटात बसवला होता.

"पाणी कधी घालतेस याला?" आत्याने विचारलं.

"सकाळी थोडं. आणि संध्याकाळी, सरावाच्या आधी... भरपूर," कस्तुरी म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली.

आत्याने पुढचं हळूच सांगितलं. "राउटर रेडिओ लहरींतून (डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाच्याच जातीच्या लहरींतून) बोलतो. कोरड्या भिंतीतून त्या थोड्या दमून का होईना, पार होतात. पाण्याचं तसं नाही. पाणी त्यांची ऊर्जा शोषून घेतं आणि बाहेर फार थोडं येऊ देतं. ओली गोधडी तोंडावर घेऊन हाक मारल्यासारखं होतं ते. चष्म्याला अर्धंच ऐकू येतं, तो पुन्हा विचारतो, राउटर पुन्हा सांगतो, पुन्हा अर्धंच. या पुन्हा पुन्हामध्ये वेळ जातो आणि काही पुडकी गहाळच होतात. चूक कुणाकडूनही झाली असती गं."

पण कस्तुरीला ती चूक बोचत नव्हतीच. तिला बोचत होती ती बैलगाडी. लखन अडखळतोय म्हटल्यावर दोष त्याच्या वाडीचाच असणार, हे तिने एकदाही तपासून न बघता ठरवलं होतं. आणि त्यावर सगळ्यांना हसवलंही होतं. तिला इतकी लाज वाटली की आत्याकडे बघवेना.

ती उठली. बालेकिल्ल्यात हात घातला, आळिवासकट माती खाली आली आणि राउटर बाहेर निघाला. तो पुसून तिने पुन्हा जिन्याच्या माथ्यावर नेऊन ठेवला. गच्चीवरून हाक मारली. दोन मिलिसेकंद. दोन. तीन. दोन. मग खेळाच्या सर्व्हरला हाक मारली. अठरा.

आता उरलं होतं ते अवघड काम. तिने संघाला निरोप लिहायला घेतला, 'काही तांत्रिक अडचणीमुळे गैरसमज झाला होता.' तो वाचून तिला स्वतःचाच राग आला. अडचण राउटरची होती, पण ते शब्द काही राउटरने उच्चारले नव्हते. मग फक्त लखनला गुपचूप सांगावं, असंही मनात येऊन गेलं. पण टोमणा सगळ्यांसमोर मारला होता, मग माफी कोपऱ्यात कशी मागायची? तिने निरोप खोडला आणि सगळ्यांना मैदानावर बोलावलं. लखनलाही.

सगळे आले. लखन आपल्या पाटीपासून जरा लांबच उभा राहिला.

"अडखळत मी होते," कस्तुरी म्हणाली. "माझा राउटर मी ओल्या किल्ल्यात पुरला होता. त्यामुळे मला सगळेच थिजलेले दिसायचे आणि मी दोष एकट्या लखनला दिला. का, तर तो वाडीवर राहतो म्हणून. लखन, मी फार वाईट बोलले. चुकलं माझं."

सायमा म्हणाली, "खरं सांगू? आम्हाला तूच थिजलेली दिसायचीस. गडी सुटायचे ते जास्त तुझ्याच पाटीवरून. पण तू कर्णधार. तुला सांगणार कोण?"

कस्तुरीला वाटलं, गच्ची दुभंगावी आणि आपण थेट स्वयंपाकघरात पडावं. तिने लखनकडे पाहिलं. तो हलत नव्हता. सवयीने तिची नजर चष्म्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेली. अठरा. म्हणजे तो थिजलेला नव्हता, गप्प होता.

"मलाबी तू थिजलेली दिसायचीस," शेवटी लखन म्हणाला. "एकटी तूच. बाकी समदी बरी पळायची. पर मला वाटलं, माझ्याच लायनीत कायतरी खोट असंल. म्हणून मी टेकडीवर जाऊन खेळाय लागलो, वर रेंज चांगली घावंल म्हणून. आणि तू पाय जड म्हणलीस, तवा आज पहाटं ती टेकडी तीनदा पळत चढलो." तो थांबला. "म्हंजी माझं काय चुकतच नव्हतं व्हय?"

"नाही," कस्तुरी म्हणाली. "काहीच चुकत नव्हतं."

ती थिजलेली दिसली तेव्हा त्याने स्वतःत खोट शोधली होती, आणि तो थिजलेला दिसला तेव्हा तिने त्याच्यातच. एवढं समजल्यावर तिला चष्म्याआड रडू आवरेना. चष्म्यातून दुसऱ्याचे अश्रू दिसत नाहीत, पण हुंदका सगळ्यांना व्यवस्थित ऐकू गेला.

"बास की आता," लखन म्हणाला. "सांगितलंस ते बरं केलंस. परवा मी पाटीवर हाय का न्हाय, तेवढं बोल."

"आहेस. असलाच पाहिजेस."

त्या दिवशी संघाने एक नियम केला. कुणी अडखळताना दिसलं, तर बोट दाखवण्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या घरच्या राउटरला हाक मारून बघायची. आत्याला तो नियम इतका आवडला की चंद्रावरच्या केंद्रातल्या शिकाऊ मुलांसाठी तिने तो लिहून घेतला. "यंत्रं दुरुस्त करायला आम्ही शिकवतोच," ती म्हणाली, "हे मात्र राहून गेलं होतं."

अंतिम सामन्याला दहा मिनिटं झाली असतील, तोच लखन एक हात वर करून थिजला. मग गायब झाला आणि दोन हात पलीकडे उगवला. कस्तुरीच्या जिभेवर शब्द आलेच होते. ते तिने गिळले.

"थांबा!" ती ओरडली. "मी आधी माझं बघते."

तिने राउटरला हाक मारली. दोन. पुन्हा दोन. ती काही बोलणार इतक्यात लखनचा आवाज तुटक तुटक आला.

"कस्तुरे, तुझं... न्हाय गं. या टायमाला माझंच हाय. आमची म्हस... वायरीवर बसलीया!"

सगळं मैदान हसलं. सगळ्यात मोठ्याने लखनच हसला. कस्तुरीही हसली, पण जरा उशिराने, आणि तिचे कान पुन्हा लाल झाले होते.

"उठव तिला सावकाश," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."