खिळ्यावरची रोटी

मी बिश्केकमध्ये दातांची डॉक्टर आहे. दात सोडून फारशा कशावर माझा विश्वास नाही.

आत-बाशीच्या घरी, बाबांना जाऊन वर्ष झालं त्याचं जेवण उरकलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. टॅक्सी फाटकाबाहेर उभी होती. घाट उजेडात ओलांडायचा होता. तिकडे माझी पाच वर्षांची लेक आयदाय माझ्याशिवाय झोपत नाही.

जेवण छान झालं. बाबा मात्र इथल्या मातीत नव्हते. आत-बाशीची माती जिभेवर ठेवून ती कुठल्या उतारावरची ते सांगणारा माणूस. आयुष्यात एकदाच त्यांनी हे खोरं सोडलं, तेही माझ्या हट्टापायी, शहरातल्या हॉस्पिटलसाठी. तिथंच गेले. बर्फानं घाट बंद होता, म्हणून मी त्यांना शहरातच पुरलं. ते अजून मनाला खातं.

बुरमाके आत्यानं खिळ्यावरची रोटी काढली. आमच्याकडे परगावी निघणारा रोटीचा एक घास घेतो. उरलेली तो परत येईपर्यंत टांगलेली राहते.

"वीस वर्षं झाली, सायकाल. येतेस नि पळतेस. आज संपव एकदाची."

"दात पडतील माझे, आत्या."

"मग बसव की नवे. तुझाच तर धंदा."

चहात बुडवून खाल्ली. ओल्या मातीची चव आली. झऱ्यावरच्या उत्तर उताराची, बर्फ वितळल्यानंतरची. हे मला कसं कळलं, कोण जाणे. मी जन्मात माती चाखली नव्हती.

शेवटच्या तुकड्यावर घासाची खूण होती. मधल्या दोन दातांची जागा रिकामी. बाबांचे ते दात मीच काढले होते.

तरी हात थांबला नाही. तो तुकडाही तोंडात गेला.

शेजारच्या खिळ्यावर दुसरी रोटी होती.

"आत्या, माझी ती आहे. ती दे."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा रुमाल सावरला, थोरल्या भावासमोर सावरायची तसा.

"असू दे. सायकालची आहे. ती आली की खाईल."

मी बॅग उचलून फाटकापर्यंत गेले. पुढे पाय उचलेनात. दुखत नव्हते. त्यांना नुसतं जायचंच नव्हतं.

टॅक्सीवाला माझ्यामागच्या दाराकडे बघत हॉर्न वाजवत राहिला. मग कंटाळून निघून गेला.

मी बिश्केकला घरी फोन लावला.

"राणी, आई बोलतेय. मला उशीर होणार."

आयदाय खुदकन हसली.

"काहीतरीच हं, आजोबा. आईला द्या ना फोन."