धबुकारात घेतलेलं नाव

अंजू, माही नात, यवतमाळच्या इंग्रजी शाळेत शिकते. दिवाळीले तांड्यावर आली, अन् सकाळीच लाल भोपळा कोरत बसली. डोळे, दात, आत दिवा.

"चांगली भाजी नासवली ना पोरी!"

"आजोबा, हे हॅलोविन हाय. तिकडचे लोक मानत, का या रात्री मेलेले घरी येतात. म्हणून जाळ पेटवायचे, खायले ठेवायचे, अन् मेलेल्यानं ओळखू नये म्हणून मुखवटे लावायचे."

मले हासू आलं. "आपला दिवाळीचा धबुकार दुसरं काय हाय? निखाऱ्यावर तूप-लापसी टाकाची, एकेका पितराचं नाव घ्याचं. जाळ उठला का पोचलं त्याले. आपण फक्त तोंड लपवत नाही."

भाऊ गेल्यापासून घरात मोठा मीच, तं नावं घेणाराही मीच. हंसावहिनीचा पोरगा इंद्रजीत वणीहून ट्रक घेऊन गेला, त्याले पाच वर्षं झाली. पत्ता नाही. दरसाल मी म्हणो, त्याचंही नाव घेऊ, उपाशी फिरत असन बिचारा. दरसाल वहिनी अंगावर ये. "जित्या पोराचं नाव घेता? तोंड जळो तुमचं!"

यंदा ती भितीले टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "घ्या भाऊजी... थकली मी."

घेतलं. तीनदा. जाळ उठलाच नाही, नुसता धूर. वहिनी रडता रडता हासली. "पाह्यलं? जिता हाय माहा पोरगा!"

त्याच दिवशी दिवेलागणीले इंद्रजीत दारात उभा.

"काका, तुमी हाक मारली ना? तीनदा..."

वहिनीनं त्याले मिठीच मारली. मी मात्र मागं सरलो. धबुकाराची हाक जित्या माणसाले कशी ऐकू जाईन? अन् जाळ उठला नाही, तो निखाऱ्यावरचं न घेता हा घरीच निंगाला म्हणून तं नाही?

आठ दिवस झाले. वहिनी गरम भाकर वाढते. तो ताटावर वाकतो, वाफ हुंगतो, अन् मायले म्हणतो, "पोट भरलं, याडी." ताट जसंच्या तसं उचलते माय.

मले राहवलं नाही. "वहिनी, हा जेवत नाही..."

"माहीत हाय मले," ती कुजबुजली. "घरी आला ना पण? बोलू नोका कोनाजवळ."

मीच बोलावलं त्याले. तिकडच्या लोकायनं मुखवटे काहून लावले असन, आता समजून राह्यलं.

काल सांजेले वहिनीच्या घरी गेलतो. दोन ताटं मांडली होती, अन् मायलेक दोघंही वाकून बसले होते. भाकर कोणी मोडली नव्हती. वहिनीनं मान वर केली.

"पोट भरलं, भाऊजी... या, तुमीही बसा."