'वेल्लामो'वरचे सीगल

शनिवारी दुपारी मी माझ्या भावाला जेवायला घालायची. घालायची म्हणजे समोर बसून वेंडेल खरंच खातोय ना, एवढं बघायची. सरोवराकाठच्या डलूथ गावच्या बंदरावर उतारूंसाठी बांधलेलं एक जुनं प्रतीक्षागृह आहे. बोटी बंद झाल्यावर लेम्पीबाईंनी तिथे खाणावळ काढली. रानतांदळाचं सूप आणि खिमा भरून भाजलेली पास्टी, या दोनच गोष्टी तिथे धड मिळतात. वेंडेल मात्र यायचा तो भिंतीसाठी.

ती भिंत सिल्वी राउतिओ या बाईंनी निळ्या-करड्या फरश्यांनी मढवली होती. चित्रात उन्हाळ्यातलं बंदर, रिकामा धक्का, 'वेल्लामो' नावाची एकच बोट आणि वर आभाळभर सीगल. इतके सीगल कुठल्याच चित्राला लागत नाहीत. "एवढे कशाला?" असं कुणी विचारलं की सिल्वीबाई म्हणायच्या, "वाचा की." त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. वाचायचा प्रयत्न पुष्कळांनी केला आणि सोडून दिला.

वेंडेलने सोडला नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचा मुलगा इसाक गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला गेला. बर्फाच्या भेगेजवळ त्याची सामानाची घसरगाडी सापडली, तो सापडला नाही. इथलं पाणी इतकं थंड असतं की बुडालेला माणूस वर येत नाही. तेव्हापासून वेंडेल त्या भिंतीसमोर बसायला लागला. नुसतं बसण्यापेक्षा कोडं बरं, म्हणून मीही मदत करत होते.

"आज काय म्हणतायत पक्षी?" सूप ठेवताना लेम्पीबाई विचारायच्या.

"तुमच्या सुपात मीठ नाही म्हणतायत," वेंडेल म्हणायचा.

मी विमा कंपनीत आहे. माणसं कोणत्या वयात, कशाने आणि किती मरतात याचं गणित मांडणं हे माझं काम. योगायोगांची मला भीती वाटत नाही. ते मधूनमधून घडायचेच.

फेब्रुवारीत वेंडेलला वाट सापडली. पंख तीनच तऱ्हांनी काढलेले होते: वर, आडवे, खाली. तीन-तीन पक्ष्यांचा गट धरला की सत्तावीस प्रकार होतात. सव्वीस इंग्रजी अक्षरं आणि एक मोकळी जागा. मी भिंतीचे फोटो काढून घरी सगळी अक्षरं उतरवली, पण शब्द होईनात. वर आणखी एक कुलूप होतं. पुढच्या शनिवारी खाणावळीत मी सुचवलं, बोटीचं नाव किल्ली म्हणून लावून बघू, म्हणजे त्या नावातल्या अक्षरांप्रमाणे एकेक अक्षर मागे सरकवू.

"कॉम्प्युटर नको," वेंडेल म्हणाला. "हाताने सोडवू. दोन वर्षं घालवलीत मी, मजा तरी घेऊ दे."

मी कागद ओढला. त्याने उठून भिंतीतल्या एका फरशीवर बोटाने टकटक केली. "काय मंडळी, येतंय का ऐकू?"

पहिली ओळ निघाली. 'हो, येतंय. हळू बोल, बाकीचे झोपलेत.'

आम्ही इतके हसलो की लेम्पीबाई गल्ला सोडून आल्या. "सिल्वी होतीच खवचट," त्या म्हणाल्या.

दाराच्या फटीतून वारा येत होता. "स्वेटर चढव," मी वेंडेलला म्हटलं. "कसला गारठा आहे इथे."

दुसरी ओळ: 'इथे तितका नाही. खाली वारा लागत नाही.'

या वेळी वेंडेल हसला नाही. "थेआ, हे आपल्याला उत्तरं देतंय."

"काहीतरीच! थंडीबद्दल या गावात कुणी बोलत नाही असं होतं का?"

हे इथेच संपवायचं, म्हणून भिंतीकडे उत्तर असूच शकणार नाही असं काहीतरी विचारायचं मी ठरवलं. समोर अर्धी पास्टी होती. मी मोठ्याने विचारलं, "पास्टीत सलगम घालावा की घालू नये?"

"हा काय प्रश्न झाला?" लेम्पीबाई तिकडून ओरडल्या. "घालायलाच हवा!"

मी अक्षरं सरकवत गेले. 'त्याची आई घालायची. तो वेचून बाजूला काढायचा.'

वेंडेलची बायको, कारिन, इसाक शाळेत असतानाच गेली. ती सलगम घालायची. इसाक त्याच्या फोडी ताटाच्या कडेला मांडून ठेवायचा, आणि कारिन त्याला दटावायची. सलगम पुष्कळ मुलांना आवडत नाही, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. अक्षरं माझ्याच हस्ताक्षरात, आठवडाभरापूर्वी उतरवलेली होती. फरश्या सिमेंटमध्ये पक्क्या होत्या. त्यातलं काही बदलू शकत नव्हतं.

"चल, उठ," मी म्हटलं. "घरी जाऊ."

त्याने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. चेहरा भिंतीकडे होता.

"इसाक," तो म्हणाला. "बाळा, कुठे आहेस तू?"

मी कागद ओढायला गेले. त्याने कोपराने दाबून धरला आणि स्वतःच लिहू लागला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. लेम्पीबाई फडकं हातात घेऊन जागच्या जागी थांबल्या होत्या.

'मी इसाक नाही. तो झोपलाय. उठवू का?'

त्यानंतर एकच ओळ उरली होती.

"बोलू नकोस," मी त्याचं मनगट धरलं. "वेंडेल, माझं ऐक. एक शब्द बोलू नकोस."

"माझा मुलगा आहे तो, थेआ."

"हे बोलतंय ते कोण आहे?"

तो भिंतीकडे बघत अगदी हळू म्हणाला, "उठव."

मी कागद पर्समध्ये कोंबला आणि त्याला घरी सोडलं.

सोमवारी ऑफिसात, दुपारच्या सुट्टीत, मी दार लावून घेतलं. कुणाशी बोलले नाही, काही विचारलं नाही. शेवटची ओळ नुसता अक्षरांचा काला निघावी, एवढीच इच्छा होती.

'निघालाय. पाणी तापवून ठेव.'

मी वेंडेलला फोन लावला. पुष्कळ वेळाने त्याने उचलला. मागे नळ धो धो वाहत होता.

"काय करतोयस?"

"टब भरतोय."

"कुणासाठी? वेंडेल, कुणासाठी?"

"नंतर बोलतो गं." मग तो फोनपासून वळला आणि बाजूला कुणाला तरी म्हणाला, "बस तिथेच, टॉवेल आणतो."

ती ओळ मी त्याला सांगितली नव्हती.

गाडी कशी चालवली ते आठवत नाही. लख्ख ऊन पडलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं आणि घरात हीटरची ऊब होती. वेंडेल न्हाणीघरात टबाच्या काठावर एकटाच बसला होता. बाह्या खांद्यापर्यंत ओल्या, चेहरा इतका निवांत की मला रडू आलं.

"झोपला परत," तो म्हणाला.

गरम पाण्याचा नळ अजून थेंब थेंब गळत होता, त्याची वाफ होत होती. टबातल्या पाण्यावर मात्र काठापासून काठापर्यंत पातळ बर्फ धरला होता. आणि त्याच्या मधोमध, खालच्या बाजूने, श्वासाने वितळल्यासारखी एक गोल, स्वच्छ जागा झाली होती.